हिरव्याखालचा पिवळा

४ फेब्रुवारी

मायना न लिहिताच सुरुवात करते आहे. 'प्रिय' लिहिलं तर ते तुलाही खोटं वाटेल आणि मलाही. नुसतं नाव लिहिलं तर नोटीस पाठवल्यासारखं दिसेल. तेव्हा मायना राहू दे.

तुझा पत्ता कारखान्याच्या जुन्या कारकुनाकडून मिळाला. तो अजून आहे, कान गेलेत फक्त. मी पत्ता मागितला तर मोठ्यांदा ओरडून म्हणाला, "वहिनी, अजून लिहिता होय त्यांना?" मी म्हटलं, "अजून नाही. आता लिहिणार आहे." त्याला ऐकू आलं की नाही कोण जाणे, पण पत्ता दिला त्यानं. तू देशच बदललास हे मला माहीत होतं. गावही बदललंस हे आता कळलं.

कामाचं सांगते. इथल्या संग्रहालयात नवं दालन होतंय. फक्त खुर्च्यांचं. शंभर वर्षांत माणसं कशी कशी बसली, कुठली शैली कधी आली, कधी गेली, असं सगळं. त्याची जबाबदारी एका बाईकडे आहे. आपल्याहून पुष्कळ लहान, पण केस मात्र माझ्यापेक्षा पांढरे. ती घरी आली होती. खुर्चीला हात लावायच्या आधी तिनं पिशवीतून सुती हातमोजे काढून घातले. मला हसू आलं. ज्या खुर्चीवर दूध सांडलंय, खडू घासलेत, जिच्या हातावर दातांच्या खुणा आहेत, तिला हातमोजे!

"हीच ती? पहिली?" तिनं विचारलं.

"पहिली आणि एकुलती. बाकीच्या कारखान्याच्या."

ती खाली बसली, जमिनीवरच, आणि कितीतरी वेळ नुसती बघत राहिली. मग म्हणाली, "एवढी लहान का आहे? नमुना म्हणून केली असेल ना सरांनी? आधी लहान, मग मोठी?"

मी म्हटलं, "हो, तसंच."

का म्हटलं ते मला विचारू नकोस. आपल्या लेकीची, भिंगरीची ती खुर्ची आहे, तिच्या मापानं केलेली आहे, आणि भिंगरी आठव्या वर्षीच गेली, हे सगळं एका अनोळखी बाईला दारातच कसं सांगायचं? चहा तरी व्हायला हवा आधी.

त्यांना ती कायमची हवी आहे. मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. लाकूड तुझं होतं, गादी माझी होती, म्हणून तुला विचारते आहे. हो की नाही, एवढंच कळव. बाकी काही लिहायला नको.

मी बरी आहे. गुडघे सोडून.


२३ फेब्रुवारी

तुझं उत्तर नाही. पत्र पोचलं नसेल असं समजून घेते, तेवढाच तुझा मान राहतो.

संग्रहालयातल्या बाईनं मला दालन बघायला बोलावलं. अजून मांडामांड चालू आहे, शिडी, खोकी, भुसा. त्या भुशाच्या वासानं मला आपल्या कारखान्याच्या मधल्या जिन्यावर आल्यासारखं वाटलं. वर तुमची खुर्च्या आखायची नकाशाखोली, खाली आमचा गादी विभाग, आणि तू उगाचच काहीतरी विचारायला दिवसातून दहादा खाली यायचास.

दारातून शिरलं की पहिली खुर्ची सिंहाच्या पंजांची. पाठीवर वेलबुट्टी इतकी खोल कोरलेली की टेकलं तर अंगावर उमटेल. बाई म्हणाली, ही टेकायसाठी नव्हतीच, पाहुण्यानं ताठ बसावं आणि लवकर उठावं म्हणून होती. पुढे वाफेवर वाकवलेल्या लाकडाची, हलकी, एका हातानं उचलून दुसऱ्या टेबलाशी नेता येईल अशी. मग तुझी लाडकी, लोखंडी नळीची, दोन नळ्यांमध्ये ताणलेलं कापड. "हिच्यात खोटं काही नाही," म्हणायचास. मी म्हणायचे, "ऊबही नाही." यावर तू मला शोभेची आवड असलेली बाई म्हणून चिडवायचास, आणि आपण भांडायचो, आणि ते भांडण मला किती आवडायचं हे मी तुला कधी सांगितलं नाही.

त्यानंतर नारिंगी प्लॅस्टिकची. एका साच्यातून एक अख्खी खुर्ची, ना सांधा, ना टाका. तिच्या पाटीवर लिहिलंय, 'रंगांचा मनमोकळा आनंद.' मला ते वर्ष आठवतं. त्या खुर्चीला गादी लागत नव्हती म्हणून आमच्या विभागातल्या निम्म्या बायकांना घरी बसवलं होतं. पाटी खोटी आहे असं नाही म्हणत मी. आनंद झालाच होता, पण तो ज्यांनी ती खुर्ची विकत घेतली त्यांना झाला होता. मग काही वर्षांनी लोकांना पुन्हा जुन्याची ओढ लागली, बटणं टाचलेले फुगीर सोफे परत आले, आणि त्याच बायकांना पुन्हा शोधत आले, पोरींना टाचणं शिकवा म्हणून. त्यातल्या दोघी तोवर वारल्या होत्या.

बाईकडे प्रत्येक काळाला नाव आहे. साधेपणाची चळवळ, यंत्रयुग, अमकं पर्व, तमकं पर्व. माझ्याकडे वेगळी नावं आहेत. काथ्याची वर्षं, स्प्रिंगची वर्षं, फोमची वर्षं, आणि काहीच न भरण्याची वर्षं. मी तिला हे सांगितलं तर तिनं लगेच वही काढून लिहून घेतलं. चांगली आहे ती. तिच्यावर रागवावं असं काही सापडत नाही, ही माझी अडचण आहे.

आणि मग मधोमध आपली जागा. अजून रिकामी आहे, पण मागे पाटी लागली आहे. 'असमतोलाचं बंड. सरळ रेषेच्या हुकूमशाहीला नकार देणारी ही खुर्ची एका नव्या चळवळीचा आरंभ ठरली.' डावीकडच्या भिंतीवर त्या चळवळीतली बाकीची मंडळी. तिरकी कपाटं, तिरकी फळी, आणि ती किटली जिच्यातून चहा कपाच्या बाजूला पडायचा. तुझी खुर्ची बघून सगळ्यांनी जे जे वाकडं करून ठेवलं, ते सगळं.

खरं सांगायचं ते उजवीकडच्या भिंतीचं. तिथे त्यांनी कारखान्याच्या खुर्च्या ओळीनं मांडल्यात. पहिल्या वर्षीची, मोठ्या माणसाच्या मापाची, पण डावीकडचा खड्डा तोच, डावा हात तसाच खाली आलेला, पाठ तशीच कललेली. भिंगरीच्या पाठीचा बाक जसाच्या तसा. त्यात बसून लोकांच्या पाठी दुखल्या असणार. दुखणारच, त्यांच्या पाठी सरळ होत्या. मग पुढची खुर्ची, तिच्यातला खड्डा थोडा भरलेला. तिच्यापुढची, डावा हात वर घेतलेला. तिच्यापुढची, बसायची जागा सपाट, फक्त पाठीची वरची कड तिरकी ठेवलेली, शोभेपुरती. आणि शेवटची या वर्षीची. नाव तेच, हिरवा रंग तोच. पूर्ण सरळ.

मी त्या ओळीपुढून चालत गेले. पुन्हा मागे आले, पुन्हा गेले. डॉक्टरांना जमलं नाही, पट्ट्यांना जमलं नाही, रोज सकाळी आपण दोघं तिला पालथी घालून तेल चोळायचो त्यानं जमलं नाही. कारखान्यानं करून दाखवलं. ओळीच्या शेवटी पोहोचेपर्यंत पोरीची पाठ सरळ झाली होती.

बाईनं विचारलं, "काय झालं? बसायचंय का तुम्हाला?"

एवढ्या खुर्च्यांत मला बसायला एकही नव्हती. मी जिन्यावर जाऊन बसले.


१६ मार्च

पत्र मिळालं. चार ओळी. तुझं अक्षर इतकं थरथरेल असं वाटलं नव्हतं.

'खुर्ची देऊन टाक. त्यांना काय हवं ते लिहू देत. तिचं नाव कुठे येऊ देऊ नकोस. लोकांनी तिच्या पाठीकडे बघितलेलं मला तेव्हाही सहन होत नव्हतं.'

हे वाचून मी पत्र टेबलावर पालथं घातलं आणि दिवसभर त्याच्याशी बोलले नाही.

तुला सहन होत नव्हतं. तिला होत होतं, हे तुला आठवतं का? बागेत ती जाड बाई टक लावून बघत उभी राहिली होती. तू भिंगरीला उचलून निघालास, आणि पोरगी तुझ्या खांद्यावरून त्या बाईला म्हणाली, "ही बाजू बघून झाली की सांगा, मी वळते. मला दुसरी पण बाजू आहे." ती बाई शरमेनं लाल झाली आणि मी हसून हसून बाकावर बसले. तू हसला नाहीस. तू घरी येऊन दार लावून घेतलंस.

तुला वाटतं तू तिला लपवून वाचवलंस. ती गेल्यावर कारखान्यानं खुर्ची प्रदर्शनात मांडली, तिथे व्यासपीठावर उभा राहून तू बंडाबद्दल बोललास, समतोलाबद्दल बोललास, टाळ्या पडल्या. तिच्याबद्दल एक अक्षर नाही. मी तिसऱ्या रांगेत होते. मला वाटलं, हा माणूस आता तरी सांगेल की बंड वगैरे काही नव्हतं. एक पोर होती, जी डॉक्टरांनी दिलेल्या सरळ खुर्चीत पट्ट्यांनी बांधली जायची आणि दुपारपर्यंत आवाज न करता रडायची. आणि एके दिवशी तिचा बाप म्हणाला, "खुर्ची चुकली आहे. पोर चुकलेली नाही."

ते वाक्य तुझं आहे. तुझ्या सगळ्या भाषणांपेक्षा ते एक वाक्य मला मोठं वाटतं, आणि ते तू कुठेही बोलला नाहीस.

तू खोक्यात ओली वाळू भरलीस, वर मेणकापड घातलंस आणि तिला त्यात बसवलंस. "गार आहे, गार आहे," करून ती खिदळत होती आणि तू ओरडत होतास, "हलू नकोस, ठसा बिघडेल." तिला उचललं तेव्हा वाळूत डावीकडे खोल खळगा आणि उजवीकडे नुसती बशीएवढी खूण. आपण दोघंही त्या ठशाकडे बघत राहिलो. तोवर आपण तिच्या पाठीचा बाक फक्त एक्स-रेच्या काळ्या फिल्मवर पाहिला होता. वाळूत तो पहिल्यांदा तिचा दिसला. तू त्यावरून लाकूड कोरलंस. मी गादी तीन जाडींची केली, डावीकडे घोड्याचे केस दाबून भरले, उजवीकडे नुसता कापूस. फाटकाचा उरलेला हिरवा रंग तू वर लावलास. ती बसली, इकडे तिकडे हलून पाहिलं, आणि म्हणाली, "आता मला सांडल्यासारखं वाटत नाही."

तीन वर्षं ती त्यात बसली. जेवली, लिहिलं, झोपली, आपल्यावर हुकूम सोडले. हे सगळं त्या पाटीवर का नको?

आता एवढं आलंच आहे तर उरलेलंही लिहिते. लोकांना वाटतं मी तुला प्रदर्शनावरून सोडलं. तुलाही तसंच वाटत असेल. ते नव्हतं.

दवाखान्यात ती होती, छातीत कफ भरला होता. त्या सकाळी डॉक्टर म्हणाले ताप उतरलाय, दोनेक दिवसांत घरी न्या. तू माझ्याकडे न बघता म्हणालास, "मी जरा जाऊन येतो." दुपारी तिचा श्वास अडकायला लागला. मी फोन करायला लावले, कारखान्यात, घरी, शेजारी. तू कुठेच उचलला नाहीस. तिनं एकदा विचारलं, "बाबा आला का?" मी म्हटलं, "येतोय." मग तिनं विचारलं नाही.

तू आलास तेव्हा संध्याकाळ झाली होती आणि तुझ्या नखांत रंग होता.

त्यानंतर मी ताईकडे राहिले. काही दिवसांनी घरी परतले तर घरभर ताज्या रंगाचा वास, आणि खिडकीखाली तिची खुर्ची, नव्यासारखी हिरवीगार. महिन्याभरात कारखान्याचे मालक आले आणि ती प्रदर्शनाला घेऊन गेले; नकला करून झाल्यावर परत पाठवली ती माझ्याकडे. माणूस गेल्यावर लोक रडतात, जेवण सोडतात, भिंतीशी बोलतात. तू माल चकचकीत करून ठेवलास. पोर दवाखान्यात असताना तू खुर्ची रंगवत होतास.

इतकी वर्षं मला हे एकच माहीत आहे. यापुढचं काही मला समजून घ्यायचं नव्हतं.


७ एप्रिल

मी मागच्या पत्रात तुला प्रश्न विचारत नव्हते, आरोप करत होते. आता खरोखरच एक प्रश्न आहे.

खुर्ची मी देऊन टाकली. दोन माणसं आली, कापडात गुंडाळून, बाळासारखी नेली. जाण्याआधी मी त्या बाईला स्वयंपाकघरात बसवलं, चहा केला, आणि सगळं सांगितलं. नमुना नाही, बंड नाही, पोरीची खुर्ची. तिचा चहा गार झाला. शेवटी म्हणाली, "माझा अख्खा प्रबंध या खुर्चीवर बसलाय हो." आणि हसायला लागली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. मग डोळे पुसून म्हणाली, "पण एक सांगू? बाकीच्यांनी ती बंड म्हणूनच पाहिली ना. त्यांना कुणी मुलगी दिसली नाही, त्यांना तिरकी रेघ दिसली, आणि त्या रेघेनं ते मोकळे झाले. चळवळ झाली ती त्यातूनच. तेही खोटं नाही."

मी त्यावर विचार करते आहे. आपल्या दुःखाचा आकार बघून कुणीतरी दुसरंच काही शिकला आणि आनंदानं जगला, याचा राग धरायचा की नाही, मला अजून ठरवता आलेलं नाही.

ते असो. प्रश्न हा आहे.

संग्रहालयात एक डागडुजीवाला आहे. वस्तू साफ करणं, मोडलेलं जोडणं, हे त्याचं काम. त्यानं मला बोलावून घेतलं. खुर्ची उलटी टेबलावर ठेवली होती, पाय वर. मला ते बघवलं नाही आधी. हाताच्या खालच्या बाजूला, जिथे कुणाला दिसणार नाही, तिथे त्यानं रंग थोडा थोडा खरवडून पायऱ्या केल्या होत्या. लाकूड, त्यावर हिरवा, त्यावर पिवळा, त्यावर पुन्हा हिरवा.

"काकू, पिवळा कधी दिला होता?"

"पिवळा कधीच नव्हता," मी म्हटलं. "फाटकाचा हिरवा होता. नंतर त्यावरच पुन्हा हिरवा दिला."

"मग हा कुठून आला? मी तर नाही लावला."

मी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. लिंबाच्या सालीसारखा पिवळा. आपल्या घरात त्या रंगाचं काहीही नव्हतं. भांडं नव्हतं, पडदा नव्हता. कारखान्यानं त्या सगळ्या खुर्च्या हिरव्याच काढल्या, पिवळी एकही नव्हती. मालकांना दाखवायचीच होती तर हिरव्यावर हिरवा पुरला असता. मध्ये पिवळा कशाला?

मी घरी येऊन त्या दिवशीची तुझी नखं आठवायचा प्रयत्न केला. रंग होता हे पक्कं आठवतं. कुठला होता, ते मी बघितलंच नव्हतं.

सांग मला. कसंही असलं तरी सांग.


२ मे

तुझं पत्र आलं. मी ते उभ्या उभ्या वाचलं, मग बसून, मग मोठ्यानं. घरात कुणी नाही, तरी मोठ्यानं.

म्हणजे भिंगरीनं आदल्या दिवशी तुझ्या कानात सांगितलं होतं. घरी आल्यावर खुर्ची पिवळी हवी, हिरव्याचा कंटाळा आला. आणि आईला सांगू नकोस, गंमत आहे. मी शेजारी बसून गादीला टाके घालत होते आणि तुम्ही दोघं कुजबुजत होतात, हे मला आठवतं. मला वाटलं, डॉक्टरांच्या नाकाबद्दल काहीतरी असणार.

तू सकाळी निघालास ते दोन दुकानांत फिरलास, कारण एकाकडे हवा तसा पिवळा नव्हता. घरी आलास आणि रंगाचा एक हात दिलास. 'पहिला हात वाळल्याशिवाय दुसरा देता येत नाही, म्हणून थांबलो,' असं तू लिहिलंयस. 'मागच्या अंगणात होतो, फोन वाजलेला ऐकला नाही.' आणि पुढे, 'दुसरा हात नसता दिला तर चाललं असतं.'

तू हे वाक्य इतकी वर्षं एकट्यानं उचलून देशोदेशी फिरलास.

मग ती गेल्यावर तू ताबडतोब त्यावर हिरवा दिलास. मी घरी येऊन पिवळी खुर्ची बघितली असती तर विचारलं असतं, आणि तुला ते मला सांगावं लागलं असतं, आणि मला तो रंग जन्मभर दिसत राहिला असता. शिवाय तिनं सांगू नकोस म्हटलं होतं. तू तिचा शब्द पाळलास. नंतर मालक आले तेव्हा तू खुर्ची का दिलीस, हेही आता कळतं. घरात ती तुला बघवत नव्हती. कुणीतरी घेऊन जावं एवढंच तुला हवं होतं, आणि व्यासपीठावर त्यांनी जे शब्द तुझ्या तोंडी दिले ते तू बोलून टाकलेस.

मी तुला माफ केलं असं लिहिणार नाही, कारण तसं करण्यासारखं काही उरलेलंच नाही. मी ज्याच्यावर इतकी वर्षं रागावले होते तो माणूस मुळात नव्हताच. त्या रागाचं आता काय करायचं ते कळत नाही. तो माझ्याबरोबर जेवायला बसायचा, माझ्याबरोबर झोपायचा. तो गेल्यानं घर मोकळं झालं असं लोक म्हणतील. मला ते नुसतं रिकामं वाटतंय. आणि तुझ्यावर नवा राग येतो, की तू बोलायला हवं होतंस. मी सहन केलं असतं. आपण दोघांनी मिळून ती पिवळी खुर्ची सहन केली असती.

आता इथलं सांगते.

दालन उघडायच्या आधी संग्रहालयाला ठरवायचं होतं, खुर्ची कुठल्या रंगात ठेवायची. नियम असा की लोकांना ती जशी माहीत आहे तशी ठेवावी. पुस्तकांत हिरवी, फोटोत हिरवी, कारखान्याच्या प्रत्येक नकलेत हिरवी. पिवळी ठेवली तर कुणी ओळखणारच नाही. बाईनं तुझं पत्र वाचलं, मीच दिलं वाचायला, रागावू नकोस. तिनं ते घडी करून परत दिलं आणि म्हणाली, "तुम्ही सांगाल तसं."

मी म्हटलं, "वरचा हिरवा काढा."

पाटी बदलली आहे. आता तिच्यावर आहे, 'आठ वर्षांच्या एका मुलीची खुर्ची. तिच्या पाठीच्या मापानं आईवडिलांनी केलेली.' त्याखाली लहान अक्षरात चळवळीचं, ते बाईनं राखलं आणि मी राखू दिलं. नाव घातलेलं नाही. तू नको म्हणालास, आणि मलाही आता वाटतं, ते आपल्या दोघांकडेच असू दे.

डागडुजीवाला रोज दुपारी कापसाचा बोळा भिजवून बोटभर बोटभर हिरवा उतरवतो. घाई नाही करत. मी शेजारी स्टुलावर बसते. आधी डावा हात मोकळा झाला, मग पाठ, मग तो खळगा. काल शेवटचा पाय झाला आणि त्यानं खुर्ची खिडकीशी नेऊन ठेवली. इतका पिवळा रंग मी कधी पाहिला नव्हता.

तो बराच वेळ तिच्याभोवती फिरत होता, वाकून बघत होता, भिंग लावून बघत होता. शेवटी म्हणाला, "काकू, एक गोष्ट मला कळत नाही. खालच्या हिरव्यावर सगळीकडे झीज आहे, पिवळ्याखालूनही ती कळते. हात घासलेत, टाचा आपटल्यात, गादीची कड रुतली आहे. या पिवळ्यावर काहीच नाही. एक ओरखडासुद्धा नाही. यावर कुणी बसलंच नाही का?"

मी म्हटलं, "नाही."

त्यानं हातमोजे काढून बाजूला ठेवले आणि खोलीबाहेर गेला. मी एकटीच होते. तुझ्या ब्रशचे दोन्ही हात स्वच्छ दिसत होते, खालचा आडवा, वरचा उभा. कडेला एक थेंब ओघळून तसाच वाळला आहे, तो तू पुसायचा विसरलास.

तुला प्रवास झेपेल का ते डॉक्टरांना विचार. झेपत नसेल तर मी तिकडे येते. गुडघ्यांचं बघू.